हाणामारीत पटाईत, तरी स्टार का होत नाहीत?

तिसरी घंटा (धागालेखक)

'मदरासी' पाहिला. विद्युत जामवाल पुन्हा व्हिलन. 2012 मध्ये दिग्दर्शक मुरुगदासच्याच 'तुप्पाक्की'त तो विजयसमोर व्हिलन होता, 2025 मध्ये त्याच मुरुगदासने त्याला शिवकार्तिकेयनसमोर उभा केला. मधल्या काळात तीन 'कमांडो', दोन 'खुदा हाफिज', 'जंगली', 'सनक', 'आयबी 71' आणि स्वतः निर्माता होऊन काढलेला 'क्रॅक', जो 2024 मध्ये साफ आपटला. एवढं करून फिरून फिरून भोपळे चौकात.

बरं, माणसात खोट काय काढणार? तीन वर्षांचा असल्यापासून पालक्काडच्या आश्रमात कलरीपयट्टू (केरळची युद्धकला) शिकला. उंच, देखणा, हिंदी स्वच्छ. 2011 मध्ये 'फोर्स'मध्ये निशिकांत कामतने (आपला 'डोंबिवली फास्ट'वाला, फार लवकर गेला) त्याला आणलं, तेव्हा समोर जॉन अब्राहमसारखा आडवातिडवा गडी असूनही हा त्याला खाऊन टाकणार असं वाटत होतं. पदार्पणाचं फिल्मफेअर मिळालं. आता हिंदीला खराखुरा ॲक्शन स्टार मिळाला, असं तेव्हा आम्ही कट्ट्यावर ठरवूनही टाकलं होतं.

हे एकट्या विद्युतचं रडगाणं नाही. थायलंडचा टोनी जा घ्या. 2003 चा 'ओंग बाक' आला तेव्हा जगभर बोंब झाली, की ब्रूस ली परत आला. पुढे 'ओंग बाक 2'च्या वेळी बजेट हाताबाहेर गेलं, पठ्ठ्या सेट सोडून गायब, 2010 मध्ये चक्क भिक्खू झाला. हॉलिवूडमध्ये आला तो 2015 च्या 'फ्युरियस 7'मध्ये, एका गुंडाच्या भूमिकेत. इको उवैस घ्या. जकार्तात टेलिकॉम कंपनीत ड्रायव्हर होता, सिलाट या तिथल्या युद्धकलेवर माहितीपट करायला आलेल्या गॅरेथ एव्हान्सने त्याला हेरलं. 'द रेड'नंतर हॉलिवूडने बोलावलं आणि काय दिलं? 2015 च्या 'स्टार वॉर्स'मध्ये इको, यायान रुहियान आणि सेसेप आरिफ रहमान असे तीन तीन सिलाटवाले घेतले, आणि तिघांना एकही फाईट नाही! अक्राळविक्राळ प्राणी सुटतात, पळापळ होते, खेळ खल्लास. लता मंगेशकरांना बोलावून टाळ्या वाजवायला बसवण्यातला प्रकार.

स्कॉट ॲडकिन्स तर गोरा, इंग्रज, व्यायामाने कोरलेला, हवेत दोन गिरक्या घेऊन लाथ मारणारा. 2023 च्या 'जॉन विक 4'मध्ये तो होता हे किती जणांना कळलं? त्याला ढेरपोट्याचा पोशाख आणि सोन्याचे दात लावून बसवलं होतं.

माझं म्हणणं सरळ आहे. पडद्यावर कौशल्य फार लवकर संपतं. पहिली फाईट बघून आपण आ वासतो, दुसरीला मान डोलावतो, तिसरीला मोबाईल काढतो. कारण हा गडी हरणार नाही हे पहिल्याच फाईटला कळलेलं असतं. ज्याला मारायला उत्तम येतं त्याला मार खाता आला पाहिजे, आणि तो खाताना आपल्या पोटात गोळा आला पाहिजे. जॅकी चॅनला हे 1978 मध्ये कळलं. त्याआधी 1976 पासून निर्माता-दिग्दर्शक लो वेई त्याला गंभीर चेहऱ्याचा दुसरा ब्रूस ली करायला बघत होता, सगळे पिक्चर पडले. मग दुसऱ्या कंपनीला उसना दिला, तिथे दिग्दर्शक युएन वू-पिंगने त्याला गुरूचा मार खाणारा, रडणारा, पळपुटा पोरगा केला आणि 'ड्रंकन मास्टर' झाला. कौशल्य तेच होतं, फक्त आता ते हातघाईला आलेल्या माणसाचं होतं.

विद्युतचा एकच पिक्चर मला मनापासून आवडला, पहिला 'खुदा हाफिज'. त्यात तो बायको हरवलेला साधा इंजिनिअर आहे आणि मारामारी त्याला नीट येत नाही. म्हणजे कलरीवाल्याला कलरी विसरायला लावलं, तेव्हा कुठे तो माणूस वाटला.

तर मंडळी, आपलं काय मत?

झेंगट

जागा पकडली. पॉपकॉर्न आणतो.

तिरपागडा

एवढा प्रपंच कशाला? ह्यांना अभिनय येत नाही. संपला धागा.

तिसरी घंटा

@तिरपागडा, अभिनय येत नसताना वीस वीस वर्षं सुपरस्टार राहिलेले मोजायला घेतले तर धागा दोनशे पार जाईल. नावं घेत नाही, भक्तमंडळी येतील. (हलकेच घ्या.)

गिरणगावचा नातू

तिसरी घंटा, धागा आवडला, पण तुम्ही मुळापर्यंत गेला नाहीत. ही जातवारी फार जुनी आहे. आपल्याकडे तिला 'स्टंटपट' म्हणत आणि स्टंटपट म्हणजे खालच्या आळीचा.

1935 मध्ये वाडियांच्या 'हंटरवाली'ने तुफान धंदा केला. मूळची ऑस्ट्रेलियातली, सर्कशीत काम केलेली नादिया घोड्यावरून उड्या मारायची, अंगापिंडाने दांडगे पुरुष उचलून फेकायची. पण त्या काळच्या 'चांगल्या' नट्यांच्या पंक्तीत तिला कुणी पाट मांडला नाही. सुशिक्षित घरातली माणसं सामाजिक बोलपट बघत आणि स्टंटपट कामगार, हमाल, शाळा चुकवणारी पोरं.

आमच्या परळ-लालबागच्या थेटरांतले राजे म्हणजे मास्टर भगवान. भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा, कुस्तीचा नाद. कमी पैशांत स्टंटपट काढायचे, ते चालायचेही. पण सगळ्या हिंदुस्थानाने डोक्यावर घेतलं ते 1951 मध्ये 'अलबेला'ने. त्यात काय होतं? सी. रामचंद्रांची गाणी, गीता बाली, आणि भगवानदादांचा तो कमरेतून हललाच तर हलणारा नाच. इतकी वर्षं आपटून घेतलेलं अंग बाजूला ठेवलं आणि खांदे उडवले, तेव्हा माणूस मोठा झाला. माझे आजोबा म्हणायचे, दादांच्या फाईट बघायला आम्ही जायचो, 'अलबेला'ला तुझी आजीपण आली.

दारासिंगांचं तेच. 1962 चा 'किंगकाँग', 1963 चा 'फौलाद', पुढे कितीतरी. अख्ख्या देशाला त्यांचं नाव माहीत होतं, 'दारासिंग आहेस का' ही म्हण झाली, आणि तरी गणना बी ग्रेडमध्ये. मुमताज त्यांच्याबरोबर सोळा पिक्चरांत होती. त्यापायी तिच्यावर 'स्टंटवाली'चा असा शिक्का बसला की मोठे हिरो तिच्याबरोबर काम करायला तयार होईनात, हे तिनेच सांगितलेलं आहे. ती सुटली, दारासिंग नाही सुटले. त्यांना घराघरात नमस्कार मिळाला तो 1987 मध्ये, रामायणातला हनुमान झाल्यावर.

म्हणजे प्रश्न मार खाण्याचा नाही. तुमचा पिक्चर बघायला बायका येतात का, हा आहे.

निशिगंधा

@गिरणगावचा नातू, शेवटच्या वाक्यावर माझी हरकत. बायका फाईट बघत नाहीत हे कुणी ठरवलं? मी 'किल बिल' थेटरात बघितलाय. बाकी प्रतिसाद माहितीपूर्ण, आजींना नमस्कार.

मला एक वेगळीच जोडी आठवली. 1985, हाँगकाँग, 'येस मॅडम'. त्यात दोन बायका पोलीस आहेत. एक सिंथिया रॉथरॉक, कराटेच्या फॉर्म्स आणि शस्त्रं या प्रकारांतली जागतिक विजेती. दुसरी मिशेल यो, जिने मार्शल आर्टचं कसलंच शिक्षण घेतलं नव्हतं. ती बॅलेवाली. लंडनला बॅले शिकत होती, पाठीला दुखापत झाली म्हणून नाच सोडावा लागला. दोघी एकाच पिक्चरातून पुढे आल्या. सिंथियाने नंतर ढिगाने व्हिडिओवर येणारे पिक्चर केले. मिशेलला 2023 मध्ये ऑस्कर.

'येस मॅडम' आज बघा. सिंथियाची लाथ जास्त खरी आहे, यात वादच नाही. पण लाथ मारून झाल्यावर मिशेल जे करते ते बघा. श्वास घेते, समोरच्याकडे बघते, पुढे काय करायचं याचा विचार तिच्या तोंडावर दिसतो. सिंथिया पुढच्या पवित्र्यात जाऊन थांबते, स्पर्धेत थांबतात तशी, पंचांच्या गुणांसाठी. नाचणाऱ्याला दोन हालचालींच्या मधली जागा भरायची सवय असते. लढणाऱ्याला ती जागा शक्य तितकी झाकायची सवय असते, नाहीतर ठोसा बसतो.

आपल्याकडची रितिका सिंग आठवते का? मूळची किकबॉक्सर. 2016 मध्ये 'साला खडूस'मध्ये आर. माधवनसमोर तिने मासे विकणारी तोंडाळ पोरगी केली, त्याच्याच तमिळ आवृत्तीसाठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. तिथे बॉक्सिंग कमी आणि तोंडाचा पट्टाच जास्त होता!

दूरदेशी

इथे लेस्टरला बसून वाचतोय. सगळ्यांनी एक गोष्ट गुळगुळीत करून टाकली आहे. चेहरा आणि भाषा.

ब्रूस ली 1966-67 मध्ये 'ग्रीन हॉर्नेट'मध्ये गोऱ्या हिरोचा ड्रायव्हर होता. मुखवटा घालून मारामारी सगळी त्याने करायची, नाव हिरोचं. मग शाओलिनच्या भिक्षूवर 'कुंग फू' मालिका आली 1972 मध्ये, तिचा नायक झाला डेव्हिड कॅराडाइन, ज्याचा कुंग फूशी तोवर संबंध नव्हता. ब्रूस ली त्याआधीच हाँगकाँगला परतला होता, 1971 मध्ये 'बिग बॉस' केला, तिथे देव झाला आणि मग हॉलिवूड त्याच्या दारात आलं. 'एंटर द ड्रॅगन' लागण्याआधी, 20 जुलै 1973 ला, तो गेलेला होता.

जॅकीचंही बघा. 1980 मध्ये 'बिग ब्रॉल', 1985 मध्ये 'द प्रोटेक्टर', दोन्हीकडे अमेरिकन दिग्दर्शकांनी त्याला ठोकळा करून टाकलं. दुसऱ्यावर तो इतका वैतागला की हाँगकाँगसाठी त्याने त्यातला बराच भाग स्वतः पुन्हा शूट केला आणि त्याच वर्षी 'पोलीस स्टोरी' काढून दाखवला. अमेरिकेत खरा जम बसला 1996 च्या 'रंबल इन द ब्राँक्स'ने आणि 1998 च्या 'रश अवर'ने. तिथेही शेजारी तोंडाळ ख्रिस टकर लागलाच. जेट ली पाच वेळा चीनचा वुशू विजेता, तरी हॉलिवूडमधली पहिली भूमिका 'लीथल वेपन 4'मधला व्हिलन.

तेव्हा 'त्यांना मार खाता येत नाही' म्हणण्याआधी त्यांना पडद्यावर किती मिनिटं आणि किती वाक्यं दिली ते मोजा.

तिसरी घंटा

@दूरदेशी, ब्रूस लीबद्दल शंभर टक्के सहमत. पण मग ॲडकिन्सचं काय करायचं? बर्मिंगहॅमच्या बाजूचा, तुमच्या लेस्टरपासून तासाभरावरचा. चेहरा आणि भाषा दोन्ही 'बरोबर', तरी डीव्हीडीतच अडकला. आणि विद्युत तर आपल्याच देशात आपल्याच भाषेत अडकलाय.

बाय द वे, ॲडकिन्सचा बोयका माझ्याच बाजूने साक्ष देतो. 2006 च्या 'अनडिस्प्युटेड 2'मध्ये तो व्हिलन होता, हिरो मायकेल जाई व्हाइट. शेवटी बोयकाचा गुडघा मोडतो. लोकांना हा हरलेला माणूस इतका आवडला की 2010 च्या तिसऱ्या भागात त्यालाच हिरो केला. सुरुवातीला मोडक्या गुडघ्याने तुरुंगात मोरी घासतो. आमच्या गावातल्या मोबाईल दुकानात मेमरी कार्डात पिक्चर भरून घेणाऱ्या पोरांना टॉम क्रूझ माहीत नव्हता, बोयका माहीत होता. अर्थात त्या मेमरी कार्डांचे पैसे ॲडकिन्सला मिळाले नाहीत, हाही त्याच्या रखडण्यातला एक भाग.

झेंगट

बोयका!!! कॉलेजात आमच्या एका मित्राने त्याच्यासारखे केस कापले होते. घरच्यांनी आठ दिवस टोपी घालायला लावली.

ठाणेकर सेन्सेई

मी कराटे शिकवतो. सहसा वाचनमात्र असतो, पण यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काही वर्षांपूर्वी एका हिंदी पिक्चरच्या शूटिंगला गोरेगावला गेलो होतो. गुंडांच्या टोळीत चारपाच 'खरे' कराटेवाले हवे होते. नाव सांगत नाही. आम्ही बेल्टवाले जरा टेचातच गेलो. फाईट मास्टरने मला सांगितलं, हिरोला उजव्या हाताचा पंच मार, तो वाकून चुकवेल. मी मारला. आपला ठोसा कमरेपासून सरळ जातो, सर्वात जवळच्या रस्त्याने, आणि गेला तसा परत येतो. मास्टरने मॉनिटर बघितला आणि म्हणाला, "सर, आपने मारा क्या? दिखा नहीं."

पुन्हा मारला. पुन्हा तेच. मग त्याने त्याच्या एका पोराला बोलावलं. त्या पोराने हात जवळजवळ कानामागे नेला, खांदा उघडा टाकला, आणि गोफण फिरवावी तसा लांबलचक हात फिरवला. क्लासमध्ये असा पंच कुणी मारला असता तर मी त्याला पन्नास पुशअप काढायला लावले असते. मॉनिटरवर बघितलं तर काय सांगू, तो पंच दिसत होता! माझा बघितला तर मी नुसता खांदा उडवल्यासारखा.

सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला 24 चित्रं घेतो. खरा ठोसा तीनचार चित्रांत जाऊन येतो, बघणाऱ्याला कळायच्या आत. ब्रूस लीलाही 'ग्रीन हॉर्नेट'च्या वेळी हात सावकाश चालव म्हणून सांगावं लागलं होतं, तिथे आमची काय कथा.

त्यानंतरची गंमत बघा. मास्टरने माझ्याकडून मारण्याचं काम काढून घेतलं आणि पडायचं दिलं. तेही जमेना. कारण आम्हाला पडताना इजा होऊ नये, पटकन उठता यावं, असं शिकवलेलं असतं. हनुवटी छातीला, तळवा जमिनीवर, लोळण आणि उभा. मास्टर ओरडला, "इतना अच्छा मत गिरो!" त्याला हवं होतं की डोकं मागे झटकलं जावं, पाय हवेत जावेत, पाठ धप्पकन आपटावी. खाली पातळशी गादी, तिच्यावर फ्लोअरच्या रंगाचं कापड. ती पोरं दिवसभर तसं आपटत होती आणि मधल्या वेळेत पाठीला बाम चोळत होती. हिरोला मोठा दाखवायचं सगळं काम त्यांचं. हिरो आला, अर्ध्या तासात हात फिरवून गेला. क्लोजअप त्याचा, लांबचा शॉट डुप्लिकेटचा.

तेव्हा तिसरी घंटा यांचं म्हणणं बरोबर आहे, पण मार खाणं हीसुद्धा शिकायची विद्या आहे आणि ती आमच्या विद्येच्या उलट आहे. वीस वर्षं अंगात मुरवलेलं आधी काढून टाकावं लागतं. नटाला आधी काही येतच नसतं, त्यामुळे त्याला शिकवणं सोपं. कियानू रीव्हजला 'मेट्रिक्स'च्या आधी युएन वू-पिंगने चार महिने घोटवून घेतलं, काम भागलं.

अनाहूत

सेन्सेई, दंडवत. वाचनखूण साठवली.

तिरपागडा

सेन्सेईंचा प्रतिसाद वाचून माझं मत बदललेलं नाही, पण आता ते जास्त शब्दांत मांडता येईल. :)

जमाखर्च

सगळे कलेवर बोलताय, थोडं गल्ल्यावर बोलू.

व्हॅन डॅम, चक नॉरिस, स्टीव्हन सीगल हे फार मोठे नट होते म्हणून चालले का? ते चालले कारण त्या काळात मध्यम बजेटच्या मारधाडीला बाजार होता. 1988 चा 'ब्लडस्पोर्ट' अगदी स्वस्तात झाला, थेटरात कमावलंच, नंतर व्हिडिओ लायब्ऱ्यांत वर्षानुवर्षं फिरला. आपल्याकडेही तेव्हा व्हिडिओ पार्लरच्या फळ्यावर खडूने 'फुल फायटिंग' लिहिलं की पुरे. तो बाजार गेला. आता एकतर अवाढव्य खर्चाचा सुपरहिरो, नाहीतर थेट मोबाईलवर. सुपरहिरोला लढवय्या लागत नाही. चेहऱ्यावर मुखवटा आहे, आत कुणीही घाला.

दुसरं, विमा आणि तारखा. फाईट स्वतः करणारा हिरो जखमी झाला की शूटिंग बंद, रोजचे लाखो बुडाले. 'रंबल इन द ब्राँक्स'मध्ये उडी मारताना जॅकीचा घोटा मोडला. त्याने प्लास्टरवर बुटासारखा रंगवलेला मोजा चढवला आणि काम चालू ठेवलं. हे त्याला परवडलं कारण त्याच्या शब्दाबाहेर जाणारं तिथे कुणी नव्हतं. हाँगकाँगमध्ये एकेका फाईटला आठवडेच्या आठवडे द्यायचे. आपल्याकडे हिरोच्या तारखा मिळाल्या की चार दिवसांत उरका. वेळ नसला की कारागिरी दिसत नाही, मग कॅमेरा हलवा, तुकडे पाडा. 'टेकन 3'मध्ये लियाम नीसन एक जाळीचं कुंपण ओलांडतो, त्या पाचसहा सेकंदांत डझनापेक्षा जास्त कट आहेत. पन्नाशी उलटल्यावर तो माणूस ॲक्शन स्टार झाला, कारण कट मारणं स्वस्त आणि चेहरा ओळखीचा. आता याच पद्धतीत इको उवैसला घातला ('माईल 22' बघा), तर त्याच्यात आणि नीसनमध्ये फरक काय राहिला?

आणि तिसरं, हुशार लोक कॅमेऱ्यामागे गेले. चॅड स्टाहेल्स्की 'मेट्रिक्स'मध्ये कियानूचा डुप्लिकेट होता, त्यानेच पुढे त्याला घेऊन 'जॉन विक' केले. डेव्हिड लीचही तसाच स्टंटवाला, आज मोठा दिग्दर्शक. ऑस्करनेही आता स्टंटसाठी वेगळं पारितोषिक जाहीर केलंय, 2027 च्या चित्रपटांपासून. पैसा आणि मान तिकडे आहे. स्टारपद हा एकच चांगला शेवट आहे असं आपणच धरून बसलोय.

पाटीलबुवा

कोल्हापूरकडचा असल्यामुळे विचारतो, मराठीत असा एकही का झाला नाही? आमच्याकडे मर्दानी खेळांचे आखाडे आजही चालू आहेत. शिवजयंतीला मिरवणुकीत बघा. आठवी-नववीतली पोरगी दांडपट्टा फिरवते आणि पालथ्या पडलेल्या मित्राच्या पाठीवर ठेवलेलं लिंबू कापते. पात्याचा नुसता सूंऽऽ आवाज येतो, पाठीला ओरखडा नाही. 2024 मध्ये सरकारने दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीरही केला.

आणि पिक्चरात? 'फर्जंद' आला, 'पावनखिंड' आला, लोक गहिवरून बघतात, मीही बघतो. पण टाळी पडते ती संवादाला. पट्टा फिरवायला चारी बाजूंनी दहा फूट मोकळी जागा लागते, पातं लवचिक असतं. सेटवर तेवढ्या जागेत चाळीस मावळे उभे केलेले. मग पट्टा स्लो मोशनमध्ये एकदा चमकतो, पुढे तलवारी आणि धूळ. एका ओळखीच्या वस्तादांना बोलावलं होतं एका सेटवर, नाव नको. सकाळी सातला गेले, दुपारी त्यांना सांगितलं की नटाला मूठ कशी धरायची तेवढं दाखवा. जेवून परत आले.

विद्युतला निदान व्हिलन तरी केला. आमच्या वस्तादाला मूठ दाखवायला ठेवला.

गिरणगावचा नातू

पाटीलबुवा, क्या बात! मराठीत एक व्यावहारिक अडचण आहे. आपला प्रेक्षक नाटकातून आलेला. त्याला वाक्य हवं. हिरोने तलवार उपसण्याआधी चार ओळी बोलल्या नाहीत तर त्याला पैसे वाया गेल्यासारखं वाटतं.

बंगळूरकर

मल्याळममध्ये थोडं वेगळं घडतंय. बाबू अँटनी आठवतात का कुणाला? सहा फूट तीन इंच, लांब केस, ऐंशी-नव्वदच्या दशकातला आवडता व्हिलन, मधे काही वर्षं हिरोही होता. 2023 च्या 'आरडीएक्स'मध्ये तो पोरांचा आशान (गुरू) म्हणून आला, नुसता उभा राहिला तरी थेटरात शिट्ट्या. पण तो पिक्चर चालला त्याचं श्रेय अन्बरिव या जुळ्या फाईट मास्टरांना. पहिल्या तासात घर, भांडणं, मैत्री सगळं रचून घेतलं आणि मग हात उगारला.

निशिगंधा

टायगर श्रॉफचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. घरचा वारसा, मोठा निर्माता, नाच तर असा की हाडं आहेत का नाहीत. 'वॉर' चालला, पण शेजारी हृतिक होता. मग 'हिरोपंती 2', 'गणपत', 'बडे मियाँ छोटे मियाँ' एकामागून एक झोपले. म्हणजे बाहेरचा असणं हे कारण पुरत नाही. उलट अक्षय कुमार बघा. बँकॉकला जाऊन मार्शल आर्ट शिकला, 'खिलाडी' म्हणून ओळख झाली. पण आमच्या घरात सगळ्यांचा लाडका झाला तो 'हेराफेरी'त, परेश रावलच्या शिव्या खात.

तिसरी घंटा

@निशिगंधा, अहो हेच तर मी म्हणतोय! शिव्या खाणं हेही मार खाण्यातच धरा.

@जमाखर्च, पटलं बरंचसं. पण एक दाखला देतो जिथे बाजार, भाषा, वय सगळं विरोधात होतं. डॉनी येन. 1992-93 मध्येच 'आयर्न मंकी'सारखे जबरदस्त पिक्चर केले होते, तरी जॅकी आणि जेट लीच्या मागचाच. हॉलिवूडला गेला, 'ब्लेड 2'मध्ये जेमतेम दिसला. आणि 2008 मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, 'इप मॅन'.

त्यात सुरुवातीला एक गुंड इप मॅनच्या घरी येऊन आव्हान देतो. दिवाणखान्यात मारामारी चालू आहे, फुलदाण्या फुटतायत आणि इप मॅन नुसता अडवतोय. इतक्यात त्याचा लहान मुलगा तीनचाकी सायकल चालवत मधोमध येतो आणि निरोप सांगतो: आई म्हणते, तुम्ही उलटून मारलं नाहीत तर घरातलं सगळं फुटेल. बाबा खजील. आई आत घुश्शात. मग हा आस्तीन सरसावतो. त्यानंतर तासाभराने हाच माणूस तांदळाच्या पोत्यासाठी लढून मेलेल्या मित्राला बघून म्हणतो की मला दहा जणांशी लढायचंय. पहिल्यांदाच त्याच्या हातात दया नसते. ती लढाई डॉनीने आधी कितीतरी वेळा केलेल्या लढायांपेक्षा अवघड नाहीये, साधीच आहे. पण आपण त्याचं बायकोला घाबरणं बघितलेलं असतं.

विद्युतला असा लेखक मिळाला नाही, एवढंच माझं दुःख. आता हॉलिवूडच्या 'स्ट्रीट फायटर'मध्ये त्याला धालसिम (त्या व्हिडिओ गेममधला अंग ताणणारा योगी) केलंय म्हणे. म्हणजे पुन्हा अंग वाकवायचंच काम.

तिरपागडा

पण त्याने स्वतः असा लेखक शोधला का? 'क्रॅक'मध्ये पैसा त्याचा, निर्माता तो. तिथे कोणी अडवलं होतं? उड्यांवरच खर्च केला ना? जॅकीने स्वतःचे पिक्चर स्वतः रचले, स्टंटची टोळी स्वतः बांधली, आणि विनोद कुठे पेरायचा हे त्याने स्वतः ठरवलं. दरवेळी लेखकावर बिल फाडू नका.

तिसरी घंटा

@तिरपागडा, या धाग्यावरचा तुमचा पहिला काम केलेला प्रतिसाद. विचार करून उत्तर देतो.

चहात बिस्किट

जरा विषयाला धरून पण घरगुती प्रश्न. मुलगा सतरा वर्षांचा, ब्लॅक बेल्ट, दिवसभर टोनी जाचे व्हिडिओ बघतो आणि सिनेमातच जायचं म्हणतो. हा धागा त्याला वाचायला दिला तर तो उलट पेटून उठला. सेन्सेई, काय सांगू?

ठाणेकर सेन्सेई

@चहात बिस्किट, अडवू नका, ऐकणार नाही. तीन गोष्टी करायला सांगा. नाच शिकू दे, कुठलाही, निशिगंधाताईंनी मधल्या जागेचं सांगितलंय ते तिथेच कळतं. एखाद्या फाईट मास्टरच्या हाताखाली पडायला शिकू दे. स्टंटवाल्यांची युनियन आहे, कार्डाशिवाय मोठ्या सेटवर घेत नाहीत, आणि अठरा पूर्ण झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ देऊ नका. आणि कॉलेजात गेल्यावर एकांकिका करू दे. पुरुषोत्तम करंडकाला बॅकस्टेजपासून सुरुवात केली तरी चालेल. त्याला एकदा भर स्टेजवर कुणाकडून तरी अपमान करून घेऊ दे, गप्प उभं राहून. माझ्या ब्लॅक बेल्टवाल्या पोरांना सगळ्यात अवघड तेच जातं.

चहात बिस्किट

वाचून दाखवलं. नाच ठीक म्हणतो. पडणं तर लगेच चालू केलंय, गादी हॉलमध्ये आणली आहे, खालच्या काकू वर येऊन गेल्या. एकांकिकेचं काढलं तर विचारतो, त्यात शेवटी मी जिंकतो का?